दगड लावला का?

चिमाजी ड्रायव्हरने पहिला घास तोंडापर्यंत नेला आणि हात तिथेच थांबला. ताटात मटणाचा रस्सा होता, बाजरीची भाकरी होती, बुक्कीने फोडलेला कांदा होता आणि समोर बायको बसली होती. शनिवारची दुपार. कारखाना अर्धा दिवस. सोळा वर्षं मुंबई-बंगलोर लॉरी हाकणाऱ्या माणसाने असल्या दुपारींसाठीच ती लाईन सोडून पिंपरीच्या नव्या कारखान्यात पाण्याची लॉरी धरली होती.

"तिखट झालं व्हय?" रंभाने विचारलं.

"दगड," चिमाजी म्हणाला.

"कशात?"

"गाडीला. दगड लावला का न्हाई, ते आठवंना."

आता हे समजायला लॉरी लाईनीतला माणूस पाहिजे. जुन्या लॉरीच्या हातब्रेकवर ड्रायव्हर कधी विसंबत नाही. गाडी उभी केली की चाकाखाली दगड घालायचा, आणि हे काम क्लिनरचं. ड्रायव्हरने फक्त खिडकीतून ओरडायचं, "दगड!" आणि खाली उतरून चालू लागायचं. सोळा वर्षं चिमाजी असा ओरडला आणि सोळा वर्षं कुणीतरी दगड लावला. आज एक वाजताही तो ओरडला होता, हे त्याला लख्ख आठवत होतं. पण नव्या नोकरीत त्याला क्लिनरच नव्हता.

"म्हंजे तुमी ओरडला कुणाला?" रंभाने विचारलं.

चिमाजीने घास ताटात ठेवला.

लांबच्या खेपेला निदान एक बरं होतं. तेव्हा तो गाडीतच झोपायचा, त्यामुळे गाडी घरंगळली तर तोही तिच्यासोबत गेला असता आणि कुणाला जाब द्यायला उरला नसता. आता गाडी तिथे आणि तो दापोडीत. तीन मैलांवर, उताराच्या माथ्यावर, हजार गॅलन पाणी पोटात घेऊन ती एकटीच उभी होती. आणि उताराच्या तळाशी होती यार्डाच्या साहेबांची, उद्धवरावांची पत्र्याची खोली. उद्धवराव शनिवारीही चारपर्यंत काम करायचे, तेही उताराकडे पाठ करून.

"जेवून जावा," रंभा म्हणाली.

"अगं, साहेब मरंल."

"मग मी बी येते. तुमचं काय, जरा जाऊन येतो म्हंता अन् ईस दिसांनी उगवता."

शेजारचे सोपानराव ओट्यावर सायकल पुसत होते. त्यांनी सायकल दिली, पण सल्ल्यासकट. "भाऊ, पुण्याच्या अड्ड्यावर अशीच एक गाडी सुटलेली. समोरच्या हाटेलात घुसली. चहा पिणाऱ्याच्या हातात नुसता कान उरला कपाचा."

"अन् ड्रायव्हर?"

"सुटला की. पाच वर्षांनी."

रंभाला मागे बसवून चिमाजीने अशी सायकल दामटली, की ती बिचारी एका हाताने पदर आणि दुसऱ्याने नवऱ्याचा सदरा धरून बसली. कासारवाडीपाशी रस्ता ओला दिसला. चांगला रुंद, लांबच लांब ओला पट्टा, थेट पिंपरीच्या बाजूने आलेला. चिमाजीने पेडल मारणंच सोडलं. हजार गॅलन. वळणापलीकडून ओढ्यातून निघालेल्या बारा-पंधरा म्हशी निथळत आल्या, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. पण तो फार टिकला नाही, कारण कारखान्याच्या फाटकातून त्याने आत पाहिलं तर उताराच्या माथ्यावर गाडीच नव्हती.

सायकल, रंभा आणि चप्पल तिघांना तिथेच टाकून चिमाजी उतारावरून अनवाणी पळाला. पत्र्याची खोली शाबूत होती. गाडी खोलीला चुकवून पलीकडच्या नाल्यात गेली असणार, अशी त्याची खात्रीच पटली. नाल्यात वाकून बघायची हिंमत मात्र झाली नाही. तो सरळ आत शिरला आणि साहेबांचे पाय धरले.

"साहेब, चूक झाली. दगड लावायचा इसरलो. गाडी गेली. मला पोलिसात द्या, पण बायकोला तेवढं घरी पोचवा."

उद्धवरावांनी चष्मा काढला. "कुठे गेली गाडी? दुसऱ्या ड्रायव्हरला, भैरूला, ती घेऊन पाठवलंय पाणी आणायला. दुपारी अचानक काँक्रीटचं काम निघालं, तुझ्या गाडीतलं पाणी संपलं. येईल अर्ध्या तासात."

चिमाजीने साहेबांचे पाय सोडले. उद्धवराव त्याच्या घामेजलेल्या सदऱ्याकडे, धुळीने भरलेल्या पायांकडे बघत राहिले. मग ते उठून त्याला खांद्याला धरून बाहेर घेऊन आले.

"म्हणजे नुसती शंका आली म्हणून जेवण टाकून आलास? दापोडीहून?"

"व्हय साहेब."

"चिमाजी, असाच माणूस मी शोधत होतो. बंगलोरहून यंत्रं आणायची आहेत. महिन्याला दोन खेपा, निदान तीन वर्षं. सोमवारी निघ."

आतापर्यंत चिमाजी घाबरला होता असं आपण म्हणत होतो, पण ती भीती काहीच नव्हती. खरी भीती आता आली. नोकरी नवी, तीन महिन्यांची उमेदवारी अजून सरली नव्हती. नाही म्हणावं तर नोकरी जाते, हो म्हणावं तर घर जातं.

तो तोंड उघडणार, तोच रंभा बोलली. उतार उतरून ती धापा टाकत पोचली होती. "साहेब, ह्यांना लांब धाडू नका. हे लई इसराळू हायती."

"एकदा विसरला, बाई. होतं असं."

"एकदा? लगीन करून मला आणत हुते, तवा शिरवळला च्याला उतरवलं. अन् मला तिथंच ठिवून कात्रजपतूर गेले. हळदीच्या अंगानं बसले मी बाकड्यावर."

हे शब्दशः खरं होतं, आणि अकरा वर्षं त्या घरात शिरवळचं नाव काढायची बंदी होती.

उद्धवरावांनी चिमाजीकडे पाहिलं. "खरंय हे?"

"खरंय साहेब," चिमाजी मनापासून म्हणाला. "कोल्हापूरला तर एकदा गाडीच कुठं लावली ते इसरलो. दोन दिस हुडकत हुतो."

हे मात्र त्याने तिथल्या तिथे रचलं.

उद्धवरावांचा चेहरा उतरत चालला होता. तेवढ्यात फाटकावरचा पहारेकरी दत्तोबा हे बोलणं ऐकून एक भलाथोरला दगड घेऊन डुलत डुलत खाली आला. "साहेब, ह्यो काय इसरला न्हाई हं. चिमाजी 'दगड' म्हनून वरडला, मला वाटलं मलाच सांगतोय, म्हनून मी..."

"खाली ठिवा दत्तोबा, कमरंत भरंल," रंभा म्हणाली. दत्तोबाने दगड खाली ठेवला. रंभा लगबगीने त्या दगडावर बसली आणि तोंडाला पदर लावून मोठ्याने रडू लागली. दत्तोबाचं पुढचं काही कुणाला ऐकूच गेलं नाही.

"पुरे, पुरे," उद्धवराव म्हणाले. "नोकरीवरून काढत नाही. पण शिक्षा द्यावीच लागेल. आजपासून पिंपरीच्या हद्दीबाहेर गाडी न्यायची नाही. पाच वाजले की चावी माझ्या टेबलावर आणि थेट घरी. समजलं?"

"समजलं साहेब," चिमाजी मान खाली घालून म्हणाला. त्याला ती वर करायची सोयच नव्हती. चेहरा दिसला असता.

उद्धवराव तसे मायाळू. रडणाऱ्या बाईकडे बघून त्यांना राहवलं नाही. "रडू नका बाई. वर्षभर चोख काम केलं, तर शिक्षा मागे घेईन. मग बंगलोरची लाईन कायमची चिमाजीचीच."

रंभाचं रडणं एकदम थांबलं.

परतीच्या वाटेवर सायकल सावकाश चालली होती. कासारवाडी मागे पडली.

"अवो," मागून रंभा म्हणाली.

"काय?"

"काम करा तुमी. पर फार चांगलं नका करू."

"कितपत करू मग?"

रंभा दापोडी येईपर्यंत विचार करत राहिली, पण नेमकं कितपत ते तिलाही सांगता येईना.