खोट्या घरातला खरा नळ

परीक्षा दहाला होती आणि पोपट व शिडी साडेनवालाच जिना चढत होते. टाय घट्ट, बूट चकचकीत, आणि चेहरे अक्कलदाढ काढायला निघाल्यासारखे.

संस्थेत धर्मप्रचारक तयार होत. चार महिने शिकायचं, मग परदेशी जायचं, तेही जोडीनं. या जोडीच्या वाट्याला पोलिश भाषा आली होती. तिचं एक वाक्य नीट म्हटलं की पेलाभर पाणी प्यावं लागे. पोपट धडेच्या धडे घडाघडा म्हणे, म्हणून तो पोपट. अर्थ विचारला की मात्र तो पंख्याकडे बघत बसे. शिडीला शिडी का म्हणतात हे त्याला कुठल्याही दारातून आत येताना पाहिलं की कळायचं.

परीक्षा व्हायची खोट्या घरात. दुसऱ्या मजल्यावरची खोली, त्यात सोफा, पडदे, भिंतीवर कुणा अनोळखी कुटुंबाचा हसरा फोटो आणि कोपऱ्यात ओटा, सिंक, भिंतीतलं कपाट. परीक्षक तिथं घरमालक बनून बसायचा. पोलिशच्या बाई त्याला आधी चिठ्ठी द्यायच्या. आज तुम्ही चिडके, आज दुःखी, आज घाईत. जोडीनं दार वाजवायचं, आत शिरायचं आणि वीस मिनिटं टिकायचं. नियम दोनच. दार वाजवल्यापासून पोलिशशिवाय एक अक्षर नाही, आणि जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही.

ही जोडी दोनदा नापास झाली होती. पहिल्यांदा घरमालक म्हणाला, "मला वेळ नाही," आणि हे "धन्यवाद" म्हणून अकरा सेकंदांत बाहेर. दुसऱ्यांदा घरमालकीण खोटं खोटं रडली, तर पोपट खरं खरं रडला, आणि तेही मराठीत. बाईंनी शेरा मारला, 'चिकाटी शून्य.' आता तिसऱ्यांदा आपटले की आणखी चार महिने इथंच. इकडे पोपटाच्या आईनं निघायची तारीख अख्ख्या इमारतीला सांगून ठेवली होती आणि आत्याचा तिसरा स्वेटर बाहीपर्यंत आला होता.

"आज काही झालं तरी बाहेर पडायचं नाही," पोपट म्हणाला.

"हाकललं तर?"

"तरी नाही."

"मारलं तर?"

"मग पोलिशमध्ये ओरडायचं."

लवकर गेलं की चिकाटी दिसते, हा विचारही पोपटाचाच. त्यानं दार वाजवलं.

"या, या! कधीची वाट बघतोय!" आतून आवाज आला. तो चक्क मराठीत होता.

पोपटानं शिडीकडे बघून भुवया उडवल्या. म्हणजे, सापळा आहे, सावध राहा.

आत सिंकखालून दोन पाय बाहेर आले होते. ते पाय प्लंबरचे होते. सिंक गळत होतं म्हणून संस्थेनं त्याला सकाळीच बोलावलं होतं, आणि हाताखाली दोन माणसं पाठवा म्हणून त्यानं ऑफिसला दोनदा सांगितलं होतं. तेव्हा दोन माणसं आली याचं त्याला नवल वाटलं नाही, आणि तो मराठी बोलतो याचं यांना.

"जेन दोब्री!" दोघांनी पोलिशमध्ये नमस्कार ठोकला.

"हां हां. तो पाना द्या इकडे."

"आपल्या कुटुंबात किती माणसं आहेत?" पोपटानं पोलिशमध्ये विचारलं.

पायांमागून एक डोकं बाहेर आलं. त्यानं दोघांना, विशेषतः त्यांच्या टायांना, नीट न्याहाळलं. "घ्या! आता भाषा न कळणारी माणसं पाठवायला लागले. स्वस्तात मिळतात वाटतं." मग समोरच्याला भाषा येत नसली की सगळेच करतात तेच त्यानं केलं, आवाज चढवला. "हा! पाना! पाऽऽना!"

"माझी बहीण शिक्षिका आहे," शिडी पोलिशमध्ये म्हणाला. त्याला न अडखळता येणारं तेवढं एकच वाक्य होतं.

"असेल बाबा, असेल," प्लंबर म्हणाला.

घरमालकाला कामात मदत केली की मन जुळतं, असं नवव्या धड्यात होतं. दोघांनी कोट काढले, पाना दिला, बादली धरली. पोपट मधूनमधून पोलिशमध्ये विचारी, आपल्याला कधी एकटं वाटतं का? प्लंबर म्हणे, "डावीकडून धर." असं मस्त चाललं होतं. घड्याळात चौदा मिनिटं झाली. एवढं दोघं आयुष्यात टिकले नव्हते.

तेवढ्यात जुना पाइप निखळला.

"धर! दाबून धर!" प्लंबर ओरडला. पोपटानं दोन्ही हातांनी पाइप दाबला. "आता तू, उंच! खाली अंगणात मेन कॉक आहे. लाल चाक. जा आणि बंद कर! खाली! लाल! गोल!" त्यानं हवेत चाक फिरवून दाखवलं.

दोघांना अक्षर न् अक्षर कळलं होतं, तीच पंचाईत होती. शिडी एकटा खाली गेला तर नजरेआड, म्हणजे नापास. पाइप सोडू नये असं मात्र संस्थेच्या नियमात कुठंच नव्हतं. दोघंही धावले.

मागं खोट्या घरात खरं कारंजं उडालं. अंगणात दोघांनी लाल चाक पकडलं आणि सगळा निर्धार मनगटात आणून फिरवलं. चाक हातात आलं. पाणी चालूच राहिलं. मग ते चाक घेऊन दोन मजले चढले आणि दोन्ही हातांनी, अदबीनं, प्लंबरपुढं धरलं.

प्लंबर सिंकपाशी नखशिखांत भिजून उभा होता. "हे काय आणलंत? बक्षीस?"

पोपट उत्तर देणार, तोच त्याला प्लंबरच्या डोक्यावरचं कपाट दिसलं. भिजून भिजून त्याचे खिळे भिंत सोडत होते. पोलिशमध्ये कपाटाला काय म्हणतात ते पोपटाला येत होतं. कपाट लाकडाचं आहे, कपाट मोठं आहे, हेही येत होतं. ते पडतंय हा धडा अजून व्हायचा होता. त्याला आईचा चेहरा दिसला, आत्याच्या सुया दिसल्या, चार महिने दिसले.

"काका, डोकं! सरका!" तो मराठीत ओरडला.

प्लंबर सरकला. कपाट धाडकन तिथंच पडलं.

मग प्लंबर म्हणाला, "म्हणजे तुला बोलता येतं? आणि मी मघापासून इथं मूकनाट्य करतोय?"

"नापास," पोपट पुटपुटला आणि मटकन सोफ्यावर बसला. सोफ्यातून पाणी निघालं.

दारात बाई उभ्या होत्या आणि त्यांच्या मागं परीक्षक. ते निवृत्त मुख्याध्यापक. खालच्या मजल्यावर, या खोलीच्या बरोबर खाली, चहा पीत बसले होते. आता त्यांच्या टकलावरून थेंब ओघळत होते आणि मोज्यांतून पचक पचक आवाज येत होता. पोपटानं सगळं कबूल केलं. प्लंबर चाक हिसकावून खाली धावला आणि पाणी थांबलं.

"घरमालक आत नव्हताच, तर परीक्षा झालीच कुठं?" बाई म्हणाल्या. "दहा आत्ता वाजले. सर, बसा आत. तुम्ही दोघं बाहेर या, दार वाजवा."

"अहो, मी भिजलोय!" सर म्हणाले. पण बाईंनी दार ओढून घेतलं होतं. सरांच्या खिशातल्या चिठ्ठीत 'प्रेमळ आजोबा' लिहिलेलं होतं, तिचा लगदा झाला होता.

पोपटानं दार वाजवलं.

"चालते व्हा!" सर पोलिशमध्ये गरजले.

पोपटाच्या चेहऱ्यावर उजाडलं. आज चिडका घरमालक! दोघं आत शिरले आणि फरशी पुसायला लागले.

"उद्या या, उद्या!" सर आता मराठीत ओरडले. "मी खरंच चिडलोय रे! नाटक नाही हे!"

पोपटानं शिडीकडे बघून भुवया उडवल्या.

सरांनी ढकललं, तर शिडी चौकटीत अडकून बसला. सरांनी पाठ फिरवली, तर पोपटानं विचारलं, आपल्याला कधी एकटं वाटतं का? सर म्हणाले, "आत्ता वाटलं तर उपकार होतील." त्यांचे मोजे पिळून झाले, बूट उलटे करून झाले, शिडीच्या बहिणीची नोकरी चारदा सांगून झाली. वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. पन्नासाव्या मिनिटाला सरांनी ओला कागद मांडीवर पसरला, 'उत्तीर्ण' लिहिलं, खाली दोनदा सही केली आणि हात जोडले. "झालात पास. आता तरी जा."

पोपटानं कागद छातीशी धरला. दारापर्यंत गेला. तिथं त्याला आठवलं की धड्यातलं शेवटचं वाक्य राहिलंय. तो वळला आणि एकही चूक न करता, अगदी मनापासून, पोलिशमध्ये म्हणाला, "आम्ही पुन्हा कधी येऊ?"

सरांनी खोट्या घराला आतून खरी कडी लावून घेतली.