पाहिलीचा मान

श्री शस्त्रदेवता साक्ष. घडलें तें लिहिलें, कोणास गोड लागावें म्हणून लिहिलें नाहीं. शके एकोणीसशें चोवीस, चित्रभानु नाम संवत्सर, आश्विन शुद्ध नवमी, ते दिवशीं खंडेनवमीचे पूजेसमयीं एका राज्यीं अघटित वर्तलें. राज्याचें नांव पुसूं नये. ज्यास आपलें वाटेल त्यानें आपलें समजावें. तेथें हैबतराव सरकार गादीवर असतां त्यांस जुन्या पंपाच्या बंदुकांचा नाद जडला. या बंदुकेस नळीखालीं लाकडी मूठ असते, ती मागें ओढिली कीं जळकें काडतूस बाहेर पडतें, आणि पुढें सारिली कीं पोटांतलें नवें काडतूस नळींत चढतें, आणि जुन्या घडणीची असली तर चाप दाबून धरून मूठ सारतांच बार आपोआप उडतो. सरकारांस हेंच तिचें मोठें कौतुक. मग त्यांनीं समुद्रापारच्या लिलांवांतून बंदुका आणविल्या, मेल्या शिकाऱ्यांच्या बायकांकडून आणविल्या, आणि एकादी शंभर वर्षांची, पोलादाची निळाई उडालेली, अक्रोडाच्या दस्त्याची हातीं आली म्हणजे तिला जवसाचें तेल चोळीत बसत आणि म्हणत, "राणी रुसली तर समजूत काढूं, ही गंजली तर काय करूं?" राज्यांत विहिरींस पाणी नव्हतें, परंतु बंदुकांस तेल होतें. आणि सर्वांत लाडकी जी, तिचें नांव त्यांनीं म्हातारी ठेविलें.

आजे सरकारांनीं एक रिवाज घालून दिला होता, आणि तो शहाणपणाचा होता. बंदूक रानांतून महालांत आली कीं धन्यानें "रिकामी" म्हणावें, आणि पवळे घराण्याच्या पुरुषानें तिच्या पोटांत बोट घालून, नीट चांचपून, मगच "पाहिली" म्हणावें. यास पाहिलीचा मान म्हणत. तो मान रवळोजी पवळे यांजकडे आला. पहिल्याच वर्षीं त्यांनीं बोट घातलें, तों सरकार भर दरबारीं म्हणाले, "कां हो रवळोजी, आमच्या शब्दावर बोट घालतां?" आणि मानकरी खो खो हांसले. मानकरी कसले, गुबूगुबू वाजतांच मान हालविणारे नंदीबैल! तेव्हांपासून रवळोजी हात बांधून जागेवरूनच "पाहिली" म्हणूं लागले. बोट कोरडें राहिलें आणि मान शाबूत राहिला.

आणि खंडेनवमीस म्हातारीची पूजा होत असे. सकाळीं सरकार माळावर हवेंत उडविलेल्या मातीच्या तबकड्या तिनें फोडीत, मग तिला महालांत आणून रिकामी–पाहिली होई, मग घरचें माणूस पुढें होऊन तिच्या तोंडास कुंकू लावी, आणि सरकार चाप दाबून मूठ मागें-पुढें सारीत. कोरडा खटका वाजे, ती सलामी, आणि दरबार जयजयकार करी. भरली कीं रिकामी हें न पाहतां माणसास नळीपुढें उभें करावें, असली अक्कल दुसऱ्या मुलुखीं आढळावयाची नाहीं. आदल्या वर्षीं कुंकू लावावयास धाकटे बंधु दौलतराव उभे राहिले. हवा दमट, काडतुसें जुनीं, कागदी, आणि एक फुगून पोटांत अडकलें होतें. सरकार म्हणाले, "रिकामी." रवळोजी खांबापाशीं उभे होते, तेथूनच म्हणाले, "पाहिली." दौलतरावांस तंबाखूचा ठसका होता, ते खोकले आणि हांसून म्हणाले, "तेथून दिसतें होय तुम्हांस? नजर मोठी दांडगी हो तुमची!" आणि वांकले. मग सरकारांनीं मूठ सारिली आणि बार जाहला, आणि कुंकू कोठें संपलें आणि रक्त कोठें लागलें तें कोणास समजेना. दरबार म्हणाला, देवतेनें आपला भाग घेतला. सरकार धाय मोकलून रडले, परंतु शासन कोणास जाहलें नाहीं, कारण शासन करावें तर चूक कोणाची हें बोलावें लागतें.

सुतक फिटलें आणि तबकड्या पुन्हां फुटूं लागल्या. मग एके दिवशीं सरकार एक बंदूक घेऊन आले आणि म्हणाले, "रिकामी." रवळोजींनीं अजून तोंड उघडलें नव्हतें, तों भिंतीकडून, जेथें म्हातारी टांगली होती तिच्या खालून शब्द आला, "पाहिली." आवाज घोगरा, आणि शब्दामागें एक लहानसा ठसका. शेजारचा मानकरी म्हणाला, "काय रवळोजी, आज घसा बसला वाटतें?" रवळोजींनीं मान हालविली. सरकारांनीं भिंतीकडे पाहिलें नाहीं. मग दर खेपेस हेंच होऊं लागलें. आणि बंदूक टांगावयास रवळोजी हातीं घेत, तों तिच्या पोटांतल्या तेलावर कोणी नीट चांचपल्याची ताजी खूण दिसे, सारें पोट फिरून आलेल्या एका बोटाची. रवळोजींचें अन्न तुटलें. त्यांची बायको साळूबाई पान वाढून म्हणाली, "कां झुरतां? तुमचें काम दुसराच करतोय, आणि तुमच्यापेक्षां बरें करतोय. तुम्हीं आयतें जेवा."

येणेंप्रमाणें वर्ष फिरलें आणि नवमी आली. सरकारांनीं वर्षभर न शिवलेली म्हातारी काढिली, माळावर नेली, तबकड्या फोडिल्या, आणि महालांत येऊन सांगितलें कीं यंदा कुंकवाचा मान दौलतरावांची लेक उमाऊ हिचा. दरबार म्हणाला, काय हें सरकारांचें काळीज! उमाऊ करंडा घेऊन आली आणि रवळोजींपाशीं थांबली. हळूच म्हणाली, "काका, आज पाहाल ना?"

"सरकार सांगतात ना, बाई."

"बाबांच्या वेळींही सांगितलेंच होतें." आणि ती नळीपुढें जाऊन उभी राहिली.

सरकार म्हणाले, "रिकामी." रवळोजींनीं संवयीनें कान भिंतीकडे लाविला. शब्द आला नाहीं. समईची वात तडतडली तीही ऐकूं आली. सरकार पुन्हां म्हणाले, "रिकामी," आणि भिंत मुकी. तेव्हां रवळोजींस उमगलें. जो वर्षभर खरोखरी पाहून बोलत होता, तो आज पाहूनही बोलत नव्हता! उमाऊनें कुंकवांत बोट बुडविलें. मानकरी कुजबुजले, "अहो म्हणा कीं! जीभ गिळली काय?" तों रवळोजी खांब सोडून धांवले, सरकारांनीं मूठ मागें ओढिली होती, म्हातारीच्या उघड्या पोटांत त्यांनीं बोट घातलें. आणि आंत त्यांच्या बोटास बोट लागलें. थंड, तेलानें बुळबुळीत, नखाशीं तंबाखूनें खरखरीत झालेलें माणसाचें बोट. त्यानें रवळोजींचें बोट धरिलें, जसें आंधळ्यास वाट दाखवावी तसें पुढें नेलें, आणि एका पितळी बुडावर टेंकवून सोडून दिलें.

"भरलेली!" रवळोजी ओरडले. हा शब्द त्या महालांत कधीं कोणी उच्चारला नव्हता.

"रिकामी म्हणतों ना आम्हीं!" असें म्हणोन सरकारांनीं चाप दाबिला आणि रागानें मूठ पुढें सारिली. रवळोजींनीं बोट काढिलें नाहीं. लोखंड काडतूस घेऊन पुढें आलें आणि हाडावर अडलें, कच्च ऐसा आवाज जाहला, आणि बार उडाला नाहीं. सरकारांनीं हिसडा मारून मूठ मागें घेतली, तेव्हां रवळोजींच्या बोटाचें पेर आणि त्यामागून लाल कागदी काडतूस गालिच्यावर पडलें, आणि घरंगळत उमाऊच्या पायाशीं जाऊन थांबलें. सर्वांनीं देखिलें. दारच्या भालदारानें देखिलें. मग सरकारांनीं घाम पुसला, एकवार दरबाराकडे नजर फिरविली आणि सावकाश म्हणाले, "रिकामी होती." मग सारा दरबार, म्हातारेकोतारे, शास्त्री, सेनापति, एका सुरांत म्हणाला, "पाहिली!" आणि ते आवाज विरतां विरतां भिंतीकडून नुसता ठसका ऐकूं आला, कोणी हांसूं दाबतांना येतो तसा. उमाऊनें काडतूस उचलून पदरीं बांधिलें, रवळोजींच्या हातास पदराची पट्टी फाडून गुंडाळिली आणि म्हणाली, "चला काका. येथें आतां कोणी पाहणारें नाहीं." आणि दोघें महालांतून चालतीं जाहलीं, तीं फिरोन आलीं नाहींत.

इत्यर्थ इतकाच. पवळ्यांचा मान मोडला. रवळोजी परमुलुखीं दाण्याच्या दुकानीं बसतात, आणि खंडेनवमीस त्यांच्या तुटल्या पेराच्या जागीं, जेथें बोटच नाहीं तेथें, कोणीसें बोट धरितें आणि सोडितें. इकडे घरचें माणूस उरलें नाहीं म्हणून कुंकू लावावयाची पाळी मानकऱ्यांवर आली. ते आळीपाळीनें म्हातारीपुढें उभे राहतात, डोळे मिटतात, आणि सरकारांनीं "रिकामी" म्हणतांच नळी आपल्याच छातीस लागली असतां आपणच मोठ्यानें "पाहिली" म्हणतात. भिंत कांहीं बोलत नाहीं.