ठोंबरे काकांचे चार इंच

अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरी गावच्या मराठी मंडळात कुणी फार बारीक तक्रार करायला लागलं की ठोंबरे काका जाकिटाच्या खिशातून एक कागदी प्लेट काढतात. नाश्त्याची, छोटी, पांढरी. ती समोरच्याच्या नाकापुढे धरतात आणि विचारतात, "थाळीत बसते का? बसते ना? मंग झालं."

गणपतीत उकडीचे मोदक एकसारखे झाले नाहीत म्हणून एक वहिनी हळहळत होत्या, त्यांना प्लेट दाखवली. मुलीला तिसऱ्या पसंतीचं कॉलेज मिळालं म्हणून एका बापाचा चेहरा पडला होता, त्यालाही दाखवली. नव्या माणसाला वाटतं, काकांना भूक लागली असावी.

काका खरं तर रायफलबद्दल बोलत असतात.

ते मूळचे अमरावतीचे. चाळीस वर्षं इथल्या एका बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस होते. इंचाचा हजारावा भाग मोजायचा आणि त्यात न बसणारा माल परत पाठवायचा, हे काम. रिटायर झाल्यावर त्यांनी छंद धरला तो लिव्हरवाल्या रायफलचा. ट्रिगरभोवतीची कडी खाली ओढून वर घेतली की पुढचं काडतूस भरलं जातं, ती जुन्या पद्धतीची रायफल. तिच्याबद्दल काकांचं ठाम मत असं, की शंभर यार्डांवर तीन गोळ्या चार इंचांत पडल्या की रायफल पास.

"चार इंच चालतात?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं. मी सदाशिव पेठेतला, व्यवसायानं सॉफ्टवेअर टेस्टर. 'फक्त चार इंच' हे मला 'फक्त चार बग आहेत, चालवून घ्या' म्हटल्यासारखं वाटलं.

"पुणेकर," काका म्हणाले, "तिच्या नळीखाली काडतुसांची दुसरी नळी बांधली हाये. वरून पट्टे आवळले हायेत. ते बिचारी मोकळा श्वास घेईन कुठून? अन् हरणाचं काळीज-फुप्फुस मिळून या थाळीपेक्षा मोठं असते. तुले एक इंच कायले पायजे?"

मला पाहिजे होता. का, ते विचारू नका. कोर्स, बोटांचे ठसे, पोलीस स्टेशनची फेरी, सगळे सोपस्कार करून मी लायसन्स काढलं आणि काकांसारखीच रायफल घेतली. इंटरनेटवरच्या फोरमवर सगळे लोक एक इंच, पाऊण इंच असे आकडे टाकत होते. सहा इंचवाला माणूस फोरमवर फोटो टाकत नाही, हे मला उशिरा कळलं.

दर शनिवारी काका मला नेमबाजीच्या रेंजवर न्यायचे. ते तीन गोळ्या झाडायचे, मग दहा मिनिटं चहा. नळी गार झाली की पुन्हा तीन. मी सलग वीस झाडायचो, कारण डेटा जास्त हवा. नळी तापायची, गोळ्या वर सरकत जायच्या आणि माझ्या कागदाकडे पाहून वाटायचं की कुणी चाळणी वाळत घातली आहे. मी डिजिटल कॅलिपरनं प्रत्येक भोक मोजून एक्सेलमध्ये भरत असे. सरासरी सात इंच. मी रायफल सदोष ठरवली आणि सविस्तर पत्र लिहून ती बनवणाऱ्या कंपनीकडे परत पाठवली.

दीड महिन्यानं ती परत आली. सोबत एक चिठ्ठी: तपासणी केली, दोष आढळला नाही.

काकांनी रायफल हातात घेतली आणि चहाच्या दोन घोटांच्या मधे तीन गोळ्या झाडल्या. तीन इंच.

"दुरुस्त झाली वाटतं," मी म्हणालो.

"हो ना बे," काका म्हणाले आणि कप धुवायला गेले.

मग ऑक्टोबरात एके दिवशी चमत्कार झाला. माझ्या तीन गोळ्या एकमेकींना चिकटून पडल्या. एक इंच! मी तो कागद फ्रेम करून घरच्या ऑफिसात, झूम कॉलवर दिसेल अशा जागी टांगला. "एचआरला दिसेल हं," असं ऋतुजानं, म्हणजे माझ्या बायकोनं, बजावलं. काकांनी फ्रेमकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "छान. अजून पाच डाव करून दाखव."

मी करून पाहिलं नाही. कसं होईल, याचा मला अंदाज होता.

नोव्हेंबरात आम्ही शिकारीला शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्यात गेलो. आमच्या राज्यात रायफलनं हरण मारायला परवानगी नाही. काकांचा नियम एकच: शंभर पावलांच्या पलीकडे ट्रिगरला बोट लावायचं नाही. ते एका जुन्या दगडी बांधाच्या त्या टोकाला बसले, मी या टोकाला.

साडेआठच्या सुमारास एक हरण झाडीतून बाहेर आलं. लांब होतं. किती लांब, हे मला कळत होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ती फ्रेम होती. मी गोळी झाडली.

हरण पोटाशी वाकलं आणि झाडीत गेलं.

काका आले. "किती पावलं होतं?"

"शंभर... सव्वाशे."

काका पावलं मोजत चालत गेले. हरण उभं होतं तिथे पानांवर गडद रक्त होतं. तिथूनच ते म्हणाले, "एकशे बहात्तर." आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"आता?" मी विचारलं.

"आता थांबायचं. लगेच मागं लागलो तर ते घाबरून अजून पळते. अन् मंग शोधायचं. सापडेपर्यंत."

साडेपाच तास शोधलं. रक्ताचा थेंब दिसला की काका तिथल्या फांदीला टॉयलेट पेपरचा तुकडा बांधायचे आणि पुढचा थेंब शोधायला गुडघ्यांवर बसायचे. काकांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. उठताना दर वेळी ते झाडाला धरत. मी हात पुढे केला की म्हणत, "तू खाली पाह्य. माझ्याकडे नको पाहू." दोनदा माग हरवला. दुसऱ्यांदा मीच म्हणालो, "काका, सोडून देऊ या का?" त्यांनी ऐकलंच नाही, किंवा ऐकलं नाही असं दाखवलं.

हरण एका ओढ्याकाठी सापडलं. जिवंत होतं. काका जवळ गेले आणि त्यांनी एका गोळीत ते संपवलं.

मग टोपी काढून ते त्याच्याशेजारी बसले. त्याच्या मानेवर हात ठेवून, घरातल्या माणसाशी बोलावं तसं हळू म्हणाले, "चुकलं माय आमचं. लय वेळ लागला आमाले यायले."

'आमचं' म्हणाले. मी झाडाआड तोंड फिरवून उभा राहिलो.

परतीच्या वाटेत मी म्हणालो, "मी रायफल विकतोय काका. हे माझं काम नाही." काका "हं" म्हणाले.

पुढच्या शनिवारी सकाळी ऋतुजा खिडकीतून म्हणाली, "अरे, ठोंबरे काका बाहेर गाडीत बसलेत. मी उठले तेव्हापासून आहेत. अर्धा तास तरी झाला."

मी चपला घालून धावलो. काकांनी काच खाली केली. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. शेजारच्या सीटवर डब्यात पोहे होते. काकू गेल्यावर ते स्वतःच करायला शिकले, असं मंडळात कुणीतरी सांगितलं होतं. खाल्ले मात्र मी पहिल्यांदाच त्या दिवशी.

"बेल का नाही वाजवली काका?"

"म्हटलं, तू येशीन का नाही, कोण जाणे." ते समोरच्या काचेतून बाहेर बघत होते. "मुलगी रविवारी फोन करते. बाकी आठवडाभर मराठी कोणाशी बोलू मी? टीव्हीशी?"

"रायफल विकायची तर वीक बे," काका म्हणाले. "शनिवार नको विकू."

मी शेजारच्या सीटवरचा डबा उचलला आणि चपला घातलेल्या तशाच पायांनी गाडीत बसलो. कुठे जायचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.