गाणं ठीक, तंबोरा ऐका

लाईट गेली की बुऱ्हाणपुरात सगळे कपाळाला हात लावतात. चौधरी काका तेवढे खूश होतात.

कारण साधं आहे. आमच्या गल्लीच्या मागे पॉवरलूम आहेत. सकाळपासून खटखट चालू असते. वीज गेली की लूम थांबतात आणि काकांना शास्त्रीय संगीत ऐकता येतं. त्यासाठी त्यांनी बॅटरीवरचा एक स्पीकर घेऊन ठेवलाय. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, शाळेत शिकवतो. पंखा थांबून मिनिटभर होत नाही तोच जिन्याखालून हाक येते, "मास्तर, गेली लाईट. या."

काकांची सगळी नोकरी नेपानगरच्या पेपर मिलमध्ये झाली. रिटायर झाल्यावर त्यांनी इथे घर बांधलं, पण तोंडातली मिल सुटली नाही. कुठल्याही गोष्टीचा निकाल लागायचा असला की ते म्हणणार, "माल मशीनवरून उतरू द्या, मग बोलू." निवडणूक असो, माझ्या बदलीचा अर्ज असो, नाही तर शेजारच्या सुनेचं बाळंतपण. त्या सुनेच्या सासूने यावरून त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. मुलगी झाल्यावर काका पेढे मागायला स्वतःच गेले, तेव्हा मिटलं.

एकाच मालाची मात्र ते उतरायच्या आधीपासून चर्चा करतात. इंदूरला एक बुवा होते. त्यांना जाऊन खूप वर्षं झाली. त्यांच्या मैफिलींच्या टेपा घरात पडून होत्या, त्या आता त्यांचा नातू साफ करून एकेक इंटरनेटवर टाकतो. यायच्या टेपांची यादी त्याने दिलेली आहे, आणि पुढची कुठल्या गावची, ते महिनाभर आधी कळवतो. ते कळलं की काकांचा महिना सुरू होतो. कॅलेंडरवर गोल. सकाळी फोन बघणं, दुपारी फोन बघणं. एकदा पुतण्याचं लग्न सोडून ते हळदीच्या दिवशीच जळगावहून परतले. काय झालं विचारलं तर म्हणाले, "लग्न काय, होऊनच जाईल."

एवढी वाट बघून रेकॉर्डिंग आलं की माणूस काय म्हणेल? पहिल्यांदा मी ऐकायला बसलो तेव्हा बुवांनी अशी काही तान घेतली की मी मांडीवर थाप मारली. काकांनी हात वर करून मला थांबवलं.

"गाणं ठीक आहे. तुम्ही तंबोरा ऐका."

मी कान देऊन ऐकलं. मागे तारांचा एकसारखा झंकार चालला होता, कुठल्याही गाण्याच्या मागे असतो तसा. काका डोळे मिटून मान हलवत होते. नंतर त्यांनी नातवाला मेसेज लिहिला. तो दर वेळी तोच असतो: तंबोरा वाजवणाऱ्याचं नाव का लिहीत नाही? आणि मध्ये तंबोरा जुळवतात तो भाग कापू नये. नातू उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र पाठवतो.

दोन-चार बैठकी झाल्यावर मी कारण विचारलंच. काकांनी स्वयंपाकघराकडे बघून आवाज उतरवला. "आमची ही बसायची ना बुवांच्या मागे. लग्नाच्या आधी. शिकत होती तिथे."

काकूंना मी तोवर फक्त चहा देताना आणि मग खुर्चीत येऊन बसताना पाहिलं होतं. त्या दिवसापासून मीही तानांना दाद देणं बंद केलं आणि तंबोरा ऐकू लागलो.

यंदा उन्हाळ्यात उज्जैनच्या मैफिलीची टेप येणार होती. दोनदा लांबली. काका दोन किलोने उतरले. शेवटी आली, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी लाईट गेली. मी खाली पोचलो तेव्हा स्पीकर स्टुलावर होता आणि काकू पदराला हात पुसत काकांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या होत्या. गाणं संपल्यावर काका म्हणाले, "काय खर्ज लागलाय तंबोऱ्याचा, मास्तर."

"उज्जैनला मी नव्हतेच," काकू म्हणाल्या.

मी काकांकडे बघितलं नाही. काकू शांतपणे पुढे बोलल्या. आधीच्या भोपाळच्याला त्या नव्हत्या, देवासच्याला नव्हत्या. आत्तापर्यंत आलेल्या एकाही टेपेत त्या नव्हत्या. काका एवढ्या कौतुकाने ऐकताहेत म्हणून बोलल्या नव्हत्या.

"माहीत आहे मला," काका म्हणाले. "टेपेवर साल लिहिलेलं असतं. तू तेव्हा लग्न होऊन नेपानगरला आली होतीस."

"मग इतके दिवस काय ऐकत होतात?"

काकांनी उगाच स्पीकरची वायर सरळ केली. मग माझ्याकडे बघून बोलू लागले, म्हणजे काकूंशीच. क्वार्टर दोन खोल्यांचं होतं. काकांची आई अंथरुणावर. काकूंनी बरोबर आणलेला तंबोरा ठेवायला जागा नव्हती, तर काकाच तो गाडीने इंदूरला नेऊन बुवांकडे परत देऊन आले होते. काकू काही म्हणाल्या नव्हत्या. "मला तेव्हा बरंच वाटलं, की काही म्हणाली नाही." मग म्हणाले, "हे लावलं की तू येऊन बसतेस. बाकी कधी बसतेस का? तुझी बोटं हलतात. ते बघतो मी. ऐकतो कुठे."

काकूंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. मला वाटलं आता मी उठावं. पण त्यांनीच विचारलं, "पुढच्या यादीत खंडवा आहे का बघा. खंडव्याला मी होते. कोणीतरी समोर टेपचं मशीन लावलं होतं."

काका फोन उलटसुलट करू लागले. यादी शेवटपर्यंत बघितली, खंडवा नव्हतं. ते नातवाला मेसेज लिहायला बसले. एकेक अक्षर शोधत त्यांनी साल विचारलं, काकूंनी सांगितलं. राग कुठला, विचारलं.

"ते नाही आठवत," काकू म्हणाल्या. "थंडी लई होती. बोटं गार पडली होती माझी."

काकांनी तेही लिहिलं.