दीड फुटाची वहिवाट

आमच्या शेजारच्या तात्यांच्या घरात पाऊल टाकलं की आधी दटावणी मिळायची, "टेबलावर पाय देऊ नगा!" खाली बघावं तर टेबल वगैरे काही नाही. फरशीवर खडूनं आखलेला एक मोठा चौकोन आणि त्याच्याभोवती चार लहान. त्या खुर्च्या. मी एकदा चुकून एका खुर्चीतून चालत गेले, तर तात्यांनी मला दारापर्यंत परत पाठवलं आणि वळसा घालून यायला लावलं.

तात्या मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. इंदापूर तालुक्यातले निम्मे बांध आपल्या हातून मोजले गेलेत, असं ते स्वतःच सांगतात. नोकरी सुटली, पण खिशातली टेप काही सुटली नाही. जगातल्या प्रत्येक वस्तूला चतुःसीमा असते, असा त्यांचा विश्वास. चष्मा हरवला तरी शोध सुरू व्हायचा तो असा, "पूर्वेस टीव्ही, दक्षिणेस खिडकी. मग चष्मा कुठल्या गटात हाय?"

"तुमच्याच बुडाखाली," काकी आतून सांगायच्या.

घर दोन खोल्यांचं. बाहेर बैठक, आत स्वयंपाकघर, मधे भिंत. मुलगा बारामतीला नोकरीला, रविवारी बायको आणि मुलीला घेऊन यायचा. बैठकीत सतरंजीवर जेवणं व्हायची. पण तात्यांना मांडी घालवेना, तेव्हा सून म्हणाली की भिंत काढू, बसणं आणि जेवणं एकाच खोलीत करू, टेबल आणू. भिंत दोन दिवसांत पडली. आखणी मात्र दोन महिने चालली.

सोफा किती सरकवायचा, फ्रीजचं दार उघडल्यावर खुर्चीला लागतं का, टेबलापाशी बसून टीव्ही दिसतो का. रोज संध्याकाळी जुना चौकोन पुसायचा, नवा आखायचा. शेळगावचा रफिक मिस्त्री दोनदा येऊन रिकाम्या हातानं परत गेला. "तात्या, लाकडाला वाळवी लागंल आता," तो म्हणाला.

"लागू दे. हद्द कायम झाल्याबिगर दगड रोवायचा न्हाय."

शेवटी एका रविवारी हद्द कायम झाली. तात्यांनी खडूच्या खुर्च्यांवर प्लास्टिकच्या खऱ्या खुर्च्या ठेवल्या. तात्या, मुलगा, सून, नात, चौघं मांडीवर ताटं घेऊन बसले. मी पंच म्हणून दारात उभी. कोपर कोपराला लागत नव्हतं, फ्रीजचं दार सुटं उघडत होतं. तात्या खुशीत होते. टेबलाभोवती ओट्यापर्यंत दोन समांतर रेघा होत्या. दुसऱ्याच्या रानातून जायला सोडलेल्या वाटेला मोजणीवाले वहिवाट म्हणतात. तात्यांनी रेघांकडं बोट केलं. "ही वहिवाटीची वाट. दीड फूट. हिला वाढायला."

काकी त्या वाटेनं आमटी वाढत फिरल्या.

"पुरती का?" तात्यांनी विचारलं.

"पुरती की. मला काय, उभंच तर ऱ्हायचं."

"आमचं झाल्यावर बसशीलच की तू खाली."

"खाली कुठली बसती? गुडघा मोडतोय का माझा? दोन वर्सं झाली, वट्यापाशी उभ्यानंच खाती."

गॅस संपत आलाय हे सांगावं, तितक्या साधेपणानं त्या बोलल्या आणि नातीला भात वाढायला वळल्या. सुनेचा घास हातातच राहिला.

मला ते ठाऊक होतं. विरजण मागायला मागच्या दारानं जायची, तेव्हा काकी ओट्यावर ताट ठेवून उभ्या असायच्या. मला कधी खटकलंसुद्धा नाही. वाढणारीला पंगतीत कुणी मोजत नाही. आमच्याही घरी नाही. त्या दिवशी मात्र मला माझीच लाज वाटली.

तात्या ताट खाली ठेवून उठले. टेप काढली, ओट्याची उंची मोजली. "चौतीस इंच," एवढंच म्हणाले आणि जाऊन सोफ्यावर बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात. इकडचं तिकडचं बोलले, मग हळूच म्हणाले, "बाई, एक इचारू का? ती किती भाकरी खाती?"

"दीड," मी म्हणाले.

"दीड व्हय." ते जायला वळले. "सगळी मोजणी केली आन कब्जेदाराचंच नाव लावायचं राह्यलं बघा."

जागा व्हावी म्हणून सोफा मुलाकडं गेला. रफिक मिस्त्रीनं टेबल आणलं, खुर्च्या पाच. पाचवी ओट्याजवळची, जरा उंच, गुडघ्याला सोसेल अशी. भांडी टेबलावरच ठेवायची ठरलं, त्यामुळं वहिवाट पुसून टाकली.

पहिल्या जेवणाला मी पुन्हा पंच. काकी खुर्चीच्या कडेवर टेकल्या होत्या, दोन्ही हात मांडीत. "तुमी खावा आदी. मी बसलीय न्हवं."

तात्यांनी ताटाला हात लावला नाही. ते बघून मुलानंही लावला नाही.

"आवं, आमटी निवतीय."

"निवू दे."

भाकरी गार झाली. नात कंटाळून बोटानं मीठ चाटू लागली. शेवटी काकींनी घास मोडला, पदराआड तोंड करून खाल्ला. मग सगळे जेवले. तात्यांचं लक्ष ताटात नव्हतंच. टेबल इंचभर वाकडं निघालं की काय, असं मला वाटलं.

सकाळी शाळेला जायला मी स्टँडवर गेले, तर दोघं बारामतीच्या गाडीपाशी उभे.

"कुठं निघालात?"

"दातांच्या डॉक्टरकडं," तात्या म्हणाले. "काल बघितलं. ती नुसती डाव्या दाढंनंच चावती."

"सहा वर्सं झाली त्याला," काकी कुरकुरल्या. "आत्ता कुठं माज्या मागं लागलेत."

गाडीचं दार उघडलं. तात्यांनी पायरीकडं पाहिलं, काकींच्या गुडघ्याकडं पाहिलं आणि टेप न काढताच हात पुढं केला.