कावळ्यानं तपासलेले कागद

"चित्राले मार्क कायच्या हिशेबानं देतेत गा, दादा?"

हा प्रश्न तेजरामनं थोरल्या भावाला कितीदा तरी विचारला होता. भोजराज बालाघाटच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर. तो नुसता हसायचा आणि ब्रश धूत राहायचा. पुढे चैतात ताप डोक्यात गेला, आणि उत्तर द्यायला दादाच राहिला नाही.

दहाव्याला वैनगंगेच्या काठी पिंड मांडला, तर कावळा शिवेना. बाभळीवर रुसलेल्या जावयासारखा मान फिरवून बसला. थोरले काका, मोठेबाबा हिरालाल म्हणाले, "भोजराज, घराची काळजी नोको करू." कावळा ढिम्म. "पुष्पलता सुनेले आमी अंतर देणार नाही." कावळ्यानं पंख खाजवला.

तेजरामनं रडायला तोंड उघडलं. रडण्याऐवजी भलतंच बाहेर पडलं, "दादा, तुह्या शाळेतल्या पोराइचे परीक्षेचे कागद मी तपासतो!"

कावळा झपकन उतरला आणि शिवला. सगळ्यांनी हात जोडले. (तेजराम सायकलींचे पंक्चर काढायचा. शाळेनं त्याला आणि त्यानं शाळेला लवकरच सोडलं होतं.)

दुसऱ्या सकाळी हेडमास्तर दुलीचंद दारात आले. तेजरामची शाळा त्यांच्याच देखत सुटली होती.

"कागज जाँचे नहीं गए न? कोई बात नहीं. सबको पास भर के नंबर चढ़ा देता हूँ."

"काहून?" तेजराम उसळला. दादा घरी कौतुकानं एकाच पोरीचं नाव घ्यायचा. "ललिता अन् बाकीचे एकाच भावात? दुपारी या गुरुजी. तयार ठेवतो!"

विषय होता 'बाजारचा दिवस'. तेजरामनं दादाकडे राहिलेले कागद पसरले.

"भाऊजी, तुमाले समजते काय यातलं?" वहिनीनं, पुष्पलतानं विचारलं.

"हौ! पाण्यात ट्यूब बुडवली का भोक दिसते. तसंच हाय हे."

पण भोक दिसेना. सगळीच चित्रं झकास वाटली. एका बैलाला सहा पाय होते. (जोरात पळून राह्यला असन.) शेवटी त्याला सुचलं. दादा काल कावळ्यातून बोलला, तर आज का नाही बोलणार?

त्यानं अंगणात कागद मांडले, कोपऱ्यांवर खडे ठेवले आणि प्रत्येकावर वरण-भाताचा घास. "दादा, जे पसंत त्याले शिव."

कावळा आला तो थेट बाबूलालच्या कागदावर. बाबूलालनं एक आडवी रेघ मारून खाली लिहिलं होतं, 'आज बाजार बंद आहे.'

"दादा?" तेजरामचा आवाज रडवेला झाला.

तेवढ्यात कावळ्याचं अख्खं गोत उतरलं, मागून वहिनीच्या कोंबड्या. बाजारभर वरण सांडलं. एका कावळ्यानं ललिताचा कागद घासासकट उचलला आणि कौलारू छपरावर नेला. तेजराम भिंतीवरून चढला.

"भाऊजी, कवेलू जुने हायेत!"

"मी हलका हाव!" असं म्हणून तो कवेलूंसकट स्वयंपाकघरात उतरला, वाळवून ठेवलेल्या मोहफुलांच्या ढिगावर. केसांत मोहफुलं, तोंडाला काजळी, हातात कागद.

दादा गेल्यापासून वहिनी ना रडली होती ना हसली होती. तिनं तोंडाला पदर लावला आणि खो खो हसली. हसता हसता रडायला लागली. मग तेजरामही.

तशातच हेडमास्तर आले. तेजरामनं सगळं सांगून टाकलं. त्यांनी छपराच्या भोकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "कौए को छोड़ो. तुम बताओ, कौन सा अच्छा है?"

तेजरामनं ललिताचा कागद बाहीनं पुसला. बाजारच्या गर्दीत एक माणूस मान तिरकी करून वांगी निवडत होता. दादा बाजारात अशीच मान तिरकी करायचा.

"हे," तो कसाबसा म्हणाला. "याले पस्तीस."

मग बाकीच्यांना त्याच्या पुष्कळ खालचे मार्क दिले. बाबूलालला, बाजार बंद असल्यामुळं, तीन.

"तेजराम, पूरे नंबर ही पच्चीस हैं."

"मंग वरचे दहा मले चढवा ना, गुरुजी. चौथीत मी ड्रॉइंगमधीच नापास झालतो."

त्यानं पेन्सिल जिभेला लावली आणि ललिताच्या पस्तिसातला तीन खोडून दोन केला. दादासाठी आणि त्याच्या पोरांसाठी त्यानं केलेलं हे शेवटचं काम.

हेडमास्तरांनी कागद गोळा केले आणि उंबऱ्यात थांबले.

"चौथी में ड्रॉइंग का इम्तिहान होता ही नहीं था, बेटा. तुम बाकी सब में फेल हुए थे."