नावं खोडलेली नोटीस

गुप्तता कशी राखावी, हे मंडळी माझ्याकडून शिका! मी नगरपंचायतीत अतिक्रमणाच्या टेबलावरचा लिपिक. लोकांची वैयक्तिक माहिती कशी जपावी, याचं प्रशिक्षण जळगावला जाऊन घेऊन आलोय, जेवणासकट! तिथल्या मॅडम म्हणाल्या होत्या, "माणूस ओळखू येईल असं काहीही बाहेर जाता कामा नये." मी ते वाक्य मनात कोरूनच घेतलं.

आणि दुसऱ्याच दिवशी परीक्षा! आमच्याच गल्लीतल्या कुंदाबाई अक्का तोंडावर पदर घेऊन टेबलाशी आल्या. शेजारच्या बन्सीलाल शेठने त्यांच्या एकुलत्या एका खिडकीसमोर विनापरवाना पत्र्याचं शेड ठोकलं होतं. खोलीत भरदुपारी दिवा लावावा लागायचा.

"पन भाऊ, मना नाव कोणले सांगू नको! आमी एकच नळवर पानी भरतस. नाव फुटनं ते मना जगनं मुश्कील व्हई जाई."

"अक्का, निर्धास्त जा! माझ्या तोंडून ब्र निघणार नाही!"

नोटीस तयार केली आणि काळा मार्कर उचलला. अक्कांचं नाव खोडलं. मग म्हटलं, बन्सीलाल शेठ तरी माणूसच ना? त्याचंही खोडलं. घर नंबर? त्यावरून माणूस ओळखू येतो. खोडला! शेड? गल्लीत लगेच कळेल. खोडलं! उरलं एवढंच, की कुणीतरी कुठंतरी काहीतरी विनापरवाना बांधलंय आणि ते आठ दिवसांत पाडावं, नाहीतर जेसीबी येईल. साहेबांनी न वाचता सही ठोकली.

शिपाई वना म्हणाला, "भाऊसाहेब, कोणाच्या दाराला चिकटवू?"

"ते गुप्त आहे!"

"मग?"

"गल्लीत नळाच्या खांबाला लाव!"

चोराच्या मनात चांदणं! आमच्या गल्लीत नियमात बांधलेलं असं फक्त मारुतीचं देऊळ, आणि त्याचीही मला खात्री नाही. संध्याकाळी घरी येतो तर गल्लीभर धुरळा! सुपडू आबांनी आपला बाहेरचा जिना वरून खाली फोडत आणला, आणि शेवटची पायरी पडल्यावर त्यांना कळलं की आपण गच्चीवरच राहिलो! त्यांचं जेवण दोरीने वर चाललं होतं.

माझ्या घरापुढचा ओटा गायब! बायको, दिपमाला, हातात पहार घेऊन उभी.

"अगं, हे काय केलंस?"

"नोटीस आपल्यालाच होती ना? स्वतःचं म्हणून तुम्ही नाव खोडलं, असं सगळी गल्ली म्हणतेय!"

पाडलं नाही फक्त एकाने. बन्सीलाल शेठ शेडखाली खुर्ची टाकून चहा पीत होता. "मला नोटीस असती तर नावापुढे शेठ लिहिलं असतं," तो म्हणाला. "बाकी भाऊ, गल्ली झकास रुंद झाली! आता माझा टेम्पो थेट दारात!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझी बिनपाण्याने केली. नावासकट नवी नोटीस शेठच्या हातात पडली आणि तो तडक नळावर आला. पाण्याच्या वेळेला सगळी गल्ली तिथेच!

"कोणी केली तक्रार? नाव सांग!" त्याने माझी कॉलरच धरली.

अक्कांनी पदर तोंडावर आणखी ओढून घेतला. खरं सांगतो, मी पुरता घाबरलो होतो. पण तोंड उघडलं नाही!

तेवढ्यात गच्चीवरून सुपडू आबा गरजले, "मी करी तक्रार! मना जिना गया, आते तुना शेडबी जाई!"

"मीबी करी!" नळावरून आवाज आला. "मीबी!" "मीबी!" ज्याचं ज्याचं काही पडलं होतं, तो तो पुढे झाला. दिपमाला तर पहारीसकट!

शेठ एकाशी भांडायला आला होता. अख्ख्या गल्लीशी भांडायचं त्याच्या जिवावर आलं. आठवड्याच्या आत शेड उतरलं.

अक्कांच्या खोलीत ऊन आलं. मला इतका आनंद झाला की छाती फुगवून मी त्यांच्या दाराशी गेलो. "बघा अक्का! खिडकी मोकळी, आणि तुमचं नाव कुणालाही कळलं नाही!"

"देव तुले सुखी ठेवो, भाऊ," अक्का म्हणाल्या. "पन ती पहिली नोटीस ऐकीसन माले वाटनं, मनी न्हाणीबी गल्लीमाच शे. मी रातोरात पाडी टाकी. आते मी आंग कोठे धोऊ?"

हल्ली अक्का रोज सकाळी आमच्याकडे अंघोळीला येतात. त्यांच्यानंतर दिपमाला. माझा नंबर येईपर्यंत गरम पाणी संपलेलं असतं.